चौदा सिगार आणि एक पंखा

२ मे, शुक्रवार. सकाळ.

निर्णय झाला. मागच्या खोलीतला सिगारचा वास या महिन्यात घालवायचा. ३१ तारखेला लेक येते आहे, सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन. नात मी अजून फोनवरच पाहिली आहे. फोनवर सगळीच बाळं सारखी दिसतात.

लेकीची अट आहे. बाळाच्या छातीत घरघर होते. डॉक्टरांनी धुराच्या आसपासही नेऊ नका असं बजावलं आहे. म्हणाली, आई, ती खोली साफ झाली तर दोन महिने राहते, नाहीतर सरळ सासूबाईंकडे जाते. मी म्हटलं, आठवड्यात झालंच समज. ती म्हणाली, तू कर, मग मी समजते.

खोली दहा बाय बारा, पश्चिमेला एक खिडकी. हे तिथे तीस वर्षं रोज जेवणानंतर एक सिगार ओढायचे. गोदीत क्रेन चालवायचे. एका जहाजाच्या कप्तानाने कधीतरी एक सिगार दिली आणि आमच्या घरात ही साहेबी शिरली. मी नियम घातला होता: सिगार संपली की दार लावून अर्धा तास आतच बसायचं, मग तोंड धुऊन, शर्ट बदलून बाहेर यायचं. अर्धा तास झाला की मी दारावर दोनदा टकटक करायचे. तरी धूर हॉलमध्ये यायचाच, बंद दाराला न जुमानता.

तीस वर्षं मी सांगत होते, हा धूर तुम्हाला एक दिवस नेईल. गेले ते बँकेच्या रांगेत उभे असताना. जूनमध्ये वर्ष होईल.

मी रडत बसणाऱ्यातली नाही. खोलीला व्हेंटिलेशन हवं आहे, एवढाच विषय.

३ मे, शनिवार.

खोलीची पाहणी केली. एक खुर्ची, एक राखदाणी, एक लाकडी पेटी. पेटीत सिगार चौदा.

पेटी आजच टाकून द्यायची ठरवलं होतं. पण खाली गेले तर कचऱ्याची गाडी नुकतीच गेली होती. निदान मी खाली पोचेपर्यंत गेली होती.

पेटीत एक ओला स्पंज ठेवावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात सिगार वाळून तडकतात. तो दर सोमवारी मी ओला करते. हे गेल्यापासून एक सोमवार चुकलेला नाही. वस्तू खराब होऊ देणं माझ्या स्वभावात नाही, दुसरं कारण नाही.

५ मे, सोमवार.

स्पंज ओला केला. मग वाचनालयात गेले.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी आपलं आपण वाचून शिकले. शिवणयंत्रावर पुस्तक उघडं ठेवून एका हाताने पान धरायची सवय आहे. तेव्हा व्हेंटिलेशन म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. कारखान्यांतली हवा खेळती कशी ठेवावी यावर एक जाड पुस्तक मिळालं. ग्रंथपाल म्हणाले, ताई, कारखाना काढताय? मी म्हटलं, बंद करतेय.

पुस्तक म्हणतं, धूर भरणाऱ्या खोलीतली हवा तासाला पंधरा वेळा बदलली पाहिजे. शिवणाच्या टेपने खोली मोजली. एक हजार ऐंशी घनफूट. हिशेब दोनदा केला, दोन्ही वेळा तोच आला. आत्मविश्वास वाढला.

पुढे म्हणतं, हवा दिसत नाही, म्हणून ती कुठून कुठे जाते हे धूर सोडून पाहावं. मेणबत्ती विझवून पाहिली. त्या धुरात दम नाही, दोन फुटांवर मरतो. कागद जाळला. राख उडून हॉलमधल्या शिवणयंत्राच्या तेलात पडली.

मग विचार केला, ज्या धुराचं व्हेंटिलेशन करायचं, तोच धूर वापरणं शास्त्राला धरून होईल.

एक सिगार घेतली. टोक शिवणाच्या कात्रीने कापलं. पेटवून राखदाणीत ठेवली. दोन मिनिटांत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. ही वस्तू आपणहून जळत नाही, तिला माणूस लागतो. शेवटी मलाच ओढावी लागली. टेस्टसाठी.

खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. निष्कर्ष: धूर आधी वर जातो, मग डावीकडे वळतो, मग तिथेच लोंबकळतो. शिल्लक तेरा.

७ मे, बुधवार. दुपार.

साधा उपाय आधी. खिडकी सताड उघडली, दार उघडलं, वारा आरपार जाऊ दे म्हटलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं आहे. यांच्या क्रेनच्या केबिनमधलं थर्मामीटर अजून खोलीत आहे. त्यावर अडतीस होते, अर्ध्या तासात बेचाळीस झाले. पश्चिमेचा वारा भट्टीसारखा आत आला आणि खोलीतला वास हॉलमध्ये ढकलून स्वतः तिथे बसला. आता वास हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, माझ्या उशीतसुद्धा.

खात्री करायला एक टेस्ट केली. आज खोकला कमी आला. उभ्याने केली. यांच्या खुर्चीत मी बसत नाही, ती यांची आहे. बारा.

संकल्प: यापुढे फक्त आवश्यक टेस्ट.

९ मे, शुक्रवार.

एक्झॉस्ट पंखा आणला. बसवायला उद्याराव आले. उद्याराव म्हणजे आमचे वायरमन. गेली वीस वर्षं कधीही बोलवा, उद्या येतो म्हणतात, म्हणून यांनीच ठेवलेलं नाव. आज आले म्हणजे मंगळवारी बोलावलं होतं.

भिंतीला भोक पाडलं. पंख्याच्या कडेला एक बाण कोरलेला आहे. उद्याराव बाण बाहेरच्या बाजूला ठेवत होते. मी पुस्तक काढलं. त्यातल्या आकृतीत बाण खोलीकडे आहे. उद्याराव म्हणाले, काकू, बाण हवेचा असतो, हवा जिकडे जाणार तिकडे तो बघतो. मी म्हटलं, तुम्ही पुस्तक वाचलंय का. ते म्हणाले, मी पंखे बसवलेत. मी म्हटलं, तोच फरक आहे. त्यांनी खांदे उडवले आणि मी सांगितलं तसा बसवला.

टेस्ट. पंख्याने बाहेरची सगळी ऊब, धूळ आणि एक वाळलेलं पान आत आणून माझ्या तोंडावर मारलं. धूर दाराखालून घरभर पळाला. आकृतीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ताजी हवा आत घेण्याची रचना. छपाई फार बारीक आहे. अकरा.

१२ मे, सोमवार.

स्पंज. उद्याराव आले, पंखा उलटा केला. काही बोलले नाहीत. माणूस बोलला तर निदान उत्तर देता येतं.

जाताना दारात थबकले, नाकाने दोनदा हवा ओढली आणि म्हणाले, काकू, साहेबांना जाऊन किती झालं? मी म्हटलं, अकरा महिने. म्हणाले, वास मात्र काल ओढल्यासारखा ताजा आहे हो. मी म्हटलं, म्हणूनच तर पंखा लावतेय. भिंतींत मुरलेला वास उन्हाने उमलून येतो, असं त्यांना समजावलं. पटलं असावं. जिना उतरताना मान हलवत होते.

टेस्ट ठीक. धूर पंख्याकडे जातो, पण फार रमत गमत. दहा.

१४ मे, बुधवार.

दोष सापडला. दाराच्या फटीतून धूर घरात निसटतो, म्हणून पंख्याला पुरेसा मिळत नाही. फटी बुजवल्या पाहिजेत. चिंध्यांना माझ्या घरात तोटा नाही. दार, खिडकी, विजेच्या वायरचं भोकसुद्धा ठासून भरलं. डबाबंद खोली. पंखा लावला. टेस्ट सुरू.

धूर जागचा हलेना. पंखा भिरभिरतोय, धूर आपला मध्ये उभा, पाहुण्यासारखा. मी आत, दार चिंध्यांनी बंद, थर्मामीटरवर एकेचाळीस. स्टूल डगमगत होतं म्हणून नाइलाजाने खुर्चीत बसावं लागलं. तेवढ्यापुरतं.

बाहेर पडले तेव्हा गरगरत होतं. पुस्तकात पाहिलं. तिथे स्वच्छ लिहिलं आहे: हवा आत आल्याशिवाय बाहेर जात नाही. एवढं तर सातवी पास बाईलाही कळायला हवं होतं. नऊ.

१६ मे, शुक्रवार.

वाईट दिवस. पँटवाले गृहस्थ, ज्यांच्या तीन पँटी मी आखूड करून दिल्या, त्या परत घेऊन आले. म्हणाले, बाई, शिवण उत्तम आहे, पण बायको विचारते ऑफिस सुटल्यावर कुठे जाऊन बसता. नाकाला लावून बघा. मी लावली. मला तर काहीच वास आला नाही. ते म्हणाले, तुम्हाला नाहीच येणार. या म्हणण्याचा अर्थ कळला नाही.

म्हणजे खोलीतला वास यंत्रापर्यंत पोचतो आहे. यंत्र हॉलमध्ये आहे. मामला वाटला त्याहून गंभीर आहे. पंधरा दिवस राहिले.

म्हणून आज दोन टेस्ट केल्या. एक सकाळी, एक संध्याकाळी, कारण वारा दिवसात दिशा बदलतो. संध्याकाळची जास्त उपयोगी. अंधारून यायच्या वेळी टोकाचा निखारा स्पष्ट दिसतो आणि धूर कुठे वळतो ते नीट कळतं. हे असेच बघत बसायचे. मला वाटायचं, हा माणूस कशाकडेच बघत नाही. सात.

पँटी धुऊन वाळत घातल्या.

१९ मे, सोमवार.

स्पंज. स्टूल दुरुस्तीला टाकायचं राहिलं. तोवर खुर्ची.

उद्याराव आले आणि दाराचा खालचा भाग चार बोटं कापला. आता हवा हॉलमधून फटीतून आत आणि पंख्यातून बाहेर. याला म्हणतात मार्ग. दाराखाली कागदाचा कपटा धरला, तो फडफडत आत ओढला गेला. मी टाळी वाजवली. उद्याराव म्हणाले, हेच मी नऊ तारखेला सांगणार होतो. मी म्हटलं, मग सांगायचं. म्हणाले, तुम्ही पुस्तक वाचत होतात.

टेस्ट: धूर नऊ मिनिटांत साफ. सहा उरल्या. लेकीला फोन करून सांगितलं, झालं काम. ती म्हणाली, आई, तुझा आवाज का बसलाय? मी म्हटलं, ऊन.

२१ मे, बुधवार. दुपार.

काम झालेलं नाही.

पंखा खोलीतली हवा बाहेर टाकतो. ती भरायला हॉलमधली हवा येते. हॉल भरायला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यावरची. म्हणजे एक खोली साफ करायला मी अख्खं घर उन्हाने भरते आहे. हॉलमध्ये चाळीस. गॅसची ज्योत आडवी होऊन पंख्याच्या दिशेने वाकते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त फुफाटा मी भोक पाडून विकत घेतला आहे.

या उकाड्यात बाळ कसं झोपणार? खिडक्या लावल्या तर धूर, उघडल्या तर भट्टी. पुस्तक थंड देशातल्या कारखान्याचं आहे हे मला आज प्रस्तावनेवरून कळलं. प्रस्तावना मी शेवटी वाचते.

खोलीत बसून शांतपणे विचार केला. विचार करताना टेस्टही झाली. पाच.

२२ मे, गुरुवार.

वरच्या मजल्यावरच्या हेडबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. हात मागे बांधूनच जिना उतरतात. त्यांची बाल्कनी माझ्या पंख्याच्या बरोबर वर आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हातात चादर होती. म्हणाल्या, तुमचे हे होते तोवर बिचारे दारं लावून स्वतःपुरतं ओढायचे, तुम्ही पंखा लावून आम्हाला पाजताय.

मी सगळं समजावलं: खोली, पंधरा वेळा हवा, नात, टेस्ट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी चाळीस वर्षं शाळा सांभाळली, बोटं पुढे करा. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाल्या, बोटं. मी पुढे केली. का केली कळलं नाही, त्यांचा आवाजच तसा आहे. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, दिवसाला किती?

मला फार राग आला. मी त्यांना सांगितलं, मी तीस वर्षं या वासाशी भांडले आहे. मला त्याचा तिटकारा आहे. त्या म्हणाल्या, हो, तिटकारा असणारी मुलंच मागच्या भिंतीपाशी सापडायची. आणि जाता जाता, आवाज खाली आणून म्हणाल्या, मी विधवा झाले तेव्हा वर्षभर त्यांचा चष्मा पुसत होते, पण चष्म्याचा शेजाऱ्यांना त्रास नसतो हो.

चष्म्याचा इथे काय संबंध?

त्या गेल्यावर राग काही केल्या उतरेना, डोकं शांत करायला काहीतरी हवं होतं. चार.

२४ मे, शनिवार.

लेकीचा फोन. तिने सासूबाईंना विचारून ठेवलं आहे, गरज पडली तर तिकडे खोली तयार आहे. हे ती अगदी सहज बोलली. मी म्हटलं, इथेही तयार आहे. ती म्हणाली, आई, मला नुसतं बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, बाळाला दोनदा वाफ द्यावी लागली आहे. मग म्हणाली, बाबा असते तर त्यांनी स्वतः पेटी फेकली असती.

फेकली असती. पहिल्या दिवशीच फेकली असती.

आज टेस्ट नाही. मुद्दाम नोंदवते.

२६ मे, सोमवार.

स्पंज. पाच दिवस राहिले. भिंती सोड्याच्या पाण्याने पुसल्या. पडदे काढून उकळले. पाणी चहासारखं झालं. खुर्चीचं कापड उसवून धुवायला काढलं. खाली पाठीच्या जागी गादी दबलेली आहे, डाव्या बाजूला जास्त. हे डावीकडे कलून बसायचे. थोडा वेळ मी ते कापड हातात घेऊन बसले. धुवायला टाकलं. परत काढलं. पुन्हा टाकलं. शेवटी धुतलं.

खरोखरच धुतलं. दोरीवर आहे.

२७ मे, मंगळवार.

उद्याराव एका दिवसात आले. बहुधा आजारी असावेत. पंख्याला बाहेरून पत्र्याचं वाकडं तोंड बसवलं, धूर आता बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे जातो. हेडबाईंची चादर सुटली.

उकाड्याचा तोडगाही त्यांनीच सांगितला, आणि तो पुस्तकात कुठेच नाही. म्हणाले, काकू, पंखा दिवसभर चालवायचा नाही, पहाटे चार ते सहा चालवायचा. तेव्हा बाहेरची हवा थंड असते. सगळं घर धुऊन निघतं. ऊन चढायच्या आत सगळं बंद, खिडकीला ओला जाड पडदा. मी म्हटलं, आणि दिवसा धूर झाला तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, दिवसा धूर कशाला होईल? मी म्हटलं, समजा. म्हणाले, काकू, तुम्ही समजू नका.

पत्र्याचं तोंड तपासण्यापुरती एक. सहा मिनिटांत साफ. तीन.

२८ मे, बुधवार. पहाट.

चार ते सहा पंखा. उजाडताना खोलीत तीस. गार फरशीवर अनवाणी उभी राहिले. खोल श्वास घेतला. वास जवळजवळ नाही. फक्त साबण आणि ओलं कापड.

हे काम मी केलं. सातवी पास बाईने.

मग उगाचच खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन वास घेतला. दाराच्या मागे थोडा सापडला.

संकल्प, शेवटचा: आता टेस्ट बंद. कानाला खडा. पेटी उचलली आणि वर जाऊन हेडबाईंकडे ठेवायला दिली. त्यांनी उघडून मोजल्या, तीन, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, शाबास. मला साठाव्या वर्षी शाबास मिळाली.

२९ मे, गुरुवार. संध्याकाळ.

पेटी परत आणावी लागली. या उन्हात स्पंज सोमवारपर्यंत टिकणार नाही, हे त्यांना सांगितलं. हेडबाई म्हणाल्या, मग मी ओला करते, द्या सांगून कसा करायचा. मी म्हटलं, ते सांगून येत नाही. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मग कपाट उघडलं. म्हणाल्या, तुमची परीक्षा तुम्ही द्या, मी सुपरवायझर नाही.

स्पंज ओला केला. ओलाच होता.

दोन.

३० मे, शुक्रवार.

उद्या येते. पाळणा उघडून ठेवला. माझ्या हाताने शिवलेल्या चार दुपट्यांना इस्त्री. ओला पडदा लावला. थर्मामीटरवर दुपारी तेहतीस, बाहेर चव्वेचाळीस असताना. उद्यारावांना फोन करून सांगितलं. म्हणाले, उद्या येऊन बघतो.

मग एक शंका आली. ही सगळी रचना बाळ असताना चालेल, पण पडदा लावलेला असताना पंख्याला हवा पुरते की नाही हे पाहिलेलंच नाही. अपुऱ्या माहितीवर नातीला त्या खोलीत ठेवणं बेजबाबदारपणाचं झालं असतं.

पाच मिनिटांत साफ. एक.

एक सिगार ठेवून काय करायचं? तिला एकटीला?

३१ मे, शनिवार. सकाळी सात.

अंतिम टेस्ट. रीतसर, घड्याळ लावून. यांच्या खुर्चीत, नवं धुतलेलं कापड, डावीकडे कललेली गादी. सावकाश घेतली. घाई केली की रिझल्ट बिघडतो. धूर वर गेला, डावीकडे वळला, आणि मग पंख्याने त्याला अलगद उचलून नेलं. मागे काही राहिलं नाही.

चार मिनिटं. शून्य.

पेटी रिकामी. स्पंज तेवढा आत आहे. खोलीत फिरून वास घेतला. कुठेही नाही. दारामागेही नाही. तीस वर्षं हेच तर मागत होते मी.

साडेअकराची गाडी आहे. तोंड धुतलं. कपडे बदलायला वेळ मिळाला नाही, खिडकीशी उभी राहिले ना.

३१ मे, शनिवार. दुपारी सव्वाबारा.

हे मी मागच्या खोलीतून लिहिते आहे.

लेक आली. जिना चढून आली ती आधी थेट खोलीत गेली. बाळाला बाहेर जावयांकडे ठेवून. भिंतीला नाक लावलं, पडद्याला, खुर्चीला, पाळण्याला. मी दारात उभी. बाहेर आली तर डोळे भरलेले. म्हणाली, आई, काहीच वास नाही गं. एक कणही नाही. तू कसं केलंस? मी म्हटलं, शास्त्र.

मग म्हणाली, म्हणजे बाबांचं आता काहीच राहिलं नाही. आणि मला मिठी मारली.

तशीच राहिली. मग तिने माझ्या केसांत नाक खुपसलं. मग मानेशी. मग मला हाताने लांब धरलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी यांच्याकडे बघायचे.

मी टेस्टचं सगळं सांगितलं. चौदाच्या चौदा. ती म्हणाली, रोज? मी म्हटलं, रोज नाही, २४ तारखेला नव्हती, लिहून ठेवलंय.

बाळ मला दिलं नाही. मी हात पुढे केले होते. बाळानेही केले होते, हे मी नीट पाहिलं. फोनवर दिसतं तसं ते अजिबात नाही, हनुवटी यांची आहे. लेक म्हणाली, आता नाही, आई. आधी आत बस, दार लावून, पंखा लावून, अर्धा तास. मग केस धू, कपडे बदल, मग बघू. मी म्हटलं, खोली स्वच्छ केली आहे मी. ती म्हणाली, खोलीचं कोण बोलतंय?

सासूबाईंकडे आज जात नाही म्हणाली. आज म्हणाली.

पंखा उत्तम चालला आहे. दाराखालून हवा येते आहे, पायांना लागते. खुर्चीत बसले आहे. पेटी मांडीवर आहे, आणि सोमवारी काय करायचं ते सुचत नाही.

इथून बाहेरचं सगळं ऐकू येतं. अगदी शब्दन् शब्द. लेक हळू आवाजात जावयांना सांगते आहे, आईचं पहिल्यापासून असंच, आपलं तेच खरं करायचं. बाळ खिदळतंय. कप ठेवल्याचा आवाजसुद्धा येतो.

तीस वर्षं मी याच हॉलमध्ये बसून शेजारणींना, बहिणीला, फोनवर लेकीला यांच्याबद्दल काय काय सांगितलं. दार लावलेलं असायचं, म्हणून.

पण तेव्हा दाराखाली फट नव्हती. ती उद्यारावांनी आता कापली. यांना काही ऐकू गेलं नसणार.

धूर बाहेर यायचा, ते वेगळं.

अठरा मिनिटं राहिली. टकटक होईल.